गोकुळनगर ते खायेलित्शा

कोल्हापूरहून महामार्गाने बेळगावच्या दिशेने निघाले की तासाभरात निपाणी लागते. तंबाखूची पेठ, सीमाभागातले मराठी गाव. उत्तरेला सांगली-मिरज, दक्षिणेला बेळगाव आणि त्याच्याही पलीकडे सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर. पुण्या-मुंबईहून बंगळूरला जाणारे ट्रक याच पट्ट्यातून जातात. ऊसतोडीच्या टोळ्यांची ये-जाही इथलीच. एड्सची साथ भारतात आली तेव्हा हा पट्टा तिच्या वाटेवर होता. पण या साथीचा इतिहास सांगताना रुग्णांचे आकडे आणि भीतीच्या बातम्या एवढेच सांगून थांबण्याची सवय पडली आहे. याच पट्ट्यात समाजाने ओवाळून टाकलेल्या बायकांनी काही घडवले आणि त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांमध्येही तसेच काही घडत होते. त्या दोन्हींना जोडणारी गोळी मुंबईच्या एका कंपनीने बनवली.

सौंदत्तीच्या डोंगराचा आणि कोल्हापूरचा संबंध जुना आहे. यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी, देवदासी हे इथल्या गावोगावचे वास्तव होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये या प्रथेविरुद्ध कायदा केला. पुढे १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली आणि प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. प्रथा ओसरू लागली, पण ज्या बायका आधीच सोडल्या गेल्या होत्या त्यांच्या पोटाचा प्रश्न कुठल्याही कायद्याने सोडवला नाही. त्यांतल्या अनेकजणी सांगलीच्या गोकुळनगरात, मिरजेत, निपाणीत आणि मुंबईच्या कामाठीपुऱ्यात धंद्यात आल्या.

१९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि डॉ. निर्मला यांनी तपासलेल्या नमुन्यांमध्ये एचआयव्हीची भारतातली पहिली नोंद झाली. ते नमुने धंदा करणाऱ्या बायकांच्या रक्ताचे होते. त्यानंतर देशभर या बायकांकडे रोगाचे मूळ म्हणून पाहिले जाऊ लागले. त्या स्वतः रोगाच्या पहिल्या बळी आहेत, हा विचार फारसा कुणाच्या मनात आला नाही.

शासनाची पहिली प्रतिक्रिया कोंडून ठेवण्याची होती. शेजारच्या गोव्यात पर्रा गावचा डॉमनिक डिसोझा नियमित रक्तदान करीत असे. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला अलग ठेवण्याची तरतूद होती. म्हापशातल्या क्षयरुग्णांच्या जुन्या इमारतीत त्याला ६४ दिवस एकट्याला ठेवले गेले. गावकरी रस्त्यावर उतरले, त्याच्या आईने न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा तो सुटला. पुढे त्याने एचआयव्हीग्रस्तांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारायला घेतली आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले.

त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी सांगलीत मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संग्राम’ म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्थेचे काम सुरू केले. सुरुवात निरोधच्या वाटपाने झाली. पण बाहेरून कुणी आले, वस्तीत खोकी ठेवून गेले आणि रोग थांबला, असे होत नाही. एका खोलीतल्या बाईने निरोधशिवाय नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या खोलीत जाते. तिथे भाडे थकलेले असते, पोर आजारी असते, आणि ती बाई नाही म्हणू शकत नाही. म्हणजे एकीच्या शहाणपणाने एकीचाही जीव वाचत नाही. सगळ्या गल्लीने एकदम नाही म्हटले, तरच त्या नकाराला किंमत येते. हे गणित बायकांना कुठल्याही तज्ज्ञाने शिकवले नव्हते. गिऱ्हाइकांशी रोजचा व्यवहार त्यांचाच होता.

म्हणून काम त्यांच्याच हाती गेले. गल्लीतल्याच बायका निरोध वाटू लागल्या, कुणाला किती लागतात याचा हिशेब ठेवू लागल्या, आजारी पडलेलीला सरकारी दवाखान्यात घेऊन जाऊ लागल्या. तिला नुसते औषध मिळून भागत नसे. डॉक्टरने हात लावून तपासावे, परिचारिकेने नाव घेऊन हाक मारावी, यासाठीही कुणीतरी सोबत उभे राहावे लागे. १९९६ मध्ये या बायकांनी आपली स्वतंत्र संघटना केली. वेश्या अन्याय मुक्ती परिषद हे तिचे नाव, बोलण्यात ‘व्हॅम्प’. सांगली, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात तिचे काम पसरले. उद्धार करायला येणाऱ्यांपासूनच आम्हाला वाचवा, अशी त्यांची घोषणा पुढे जगभर गेली. काम सोपे नव्हते. निपाणीत २००२ साली त्याला इतका विरोध झाला की ह्यूमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अहवालात त्याची नोंद झाली.

आता आफ्रिकेकडे वळू.

माणूस एकटा माणूस नसतो, इतरांमुळे तो माणूस होतो, हा विचार दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेतल्या अनेक भाषांमध्ये म्हणींच्या रूपाने आहे. केनियाचे धर्मतत्त्वज्ञ जॉन म्बिती यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात तो तत्त्वज्ञान म्हणून मांडला. आर्चबिशप डेसमंड टुटू यांनी वर्णभेदानंतरच्या दक्षिण आफ्रिकेत ‘उबुंटू’ या नावाने तो जगापुढे नेला. भारतात आणि युरोपात या विचाराचे कौतुक होते ते बहुधा सुभाषितासारखे. जणू आफ्रिकी माणसाला सामूहिकता जन्मतःच मिळालेली असते. एड्सच्या काळाने ही समजूत खोटी ठरवली.

डिसेंबर १९९८ मध्ये डर्बनजवळच्या क्वामाशू वस्तीत गुगू दलामिनी या तरुण स्त्रीने आपल्याला एचआयव्ही असल्याचे जाहीरपणे सांगितले. काही दिवसांतच जमावाने तिला मारहाण केली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. मारणारे परके नव्हते. उबुंटूच्या म्हणी ज्या भाषेत आहेत तीच भाषा बोलणारे तिचे शेजारी होते. भीती बसली की समाजाचा जमाव व्हायला वेळ लागत नाही, आणि ही गोष्ट क्वामाशूइतकीच आपल्या गावांनाही लागू आहे. त्या वर्षांत महाराष्ट्रातल्या किती घरांत एड्सने नवरा गेल्यावर विधवा सुनेला माहेरी धाडले गेले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

त्याच डिसेंबरात, १० तारखेला, केप टाउनमध्ये ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही चळवळ सुरू झाली. तिच्या संस्थापकांत झॅकी अख्मत होते. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले हे कार्यकर्ते स्वतः एचआयव्हीबाधित होते. गुगूच्या खुनानंतर चळवळीने एक टी-शर्ट काढला. पांढऱ्या कापडावर छातीवर मोठ्या अक्षरांत ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ एवढेच छापलेले. तो बाधित माणसांनी घातला, बाधित नसलेल्यांनीही घातला. शिक्षिका, कामगार, विद्यार्थी, डॉक्टर सगळेच तो घालून मोर्चात चालू लागले, तेव्हा त्यांतून दगड मारण्यासाठी एकाला वेगळे काढणे अशक्य झाले. २००२ च्या डिसेंबरात केप टाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीतल्या दवाखान्यात नेल्सन मंडेला आले आणि त्यांनीही तोच टी-शर्ट अंगात घातला. उबुंटूवर लिहिलेल्या कित्येक पुस्तकांपेक्षा त्या सुती कापडाने तो विचार अधिक खरा केला, असे म्हणावे लागेल. म्हणीत होता तो विचार या लोकांनी किंमत मोजून व्यवहारात आणला.

युगांडात हे आधीच सुरू झाले होते. नोएरिन कालीबा या फिजिओथेरपिस्ट बाईंचा नवरा एड्सने गेला आणि १९८७ मध्ये त्यांनी मोजक्या सोबत्यांसह ‘टासो’ ही संस्था काढली. सोबत्यांतले बरेचजण स्वतः बाधित होते. औषध नव्हते, म्हणून घरी जाऊन रुग्णाची शुश्रूषा करायची, त्याच्याजवळ बसायचे, मुलांची सोय लावायची. सांगलीत आणि कंपालात एकमेकींचे नाव ऐकले नसताना बायका जवळजवळ तेच काम करत होत्या.

औषध नव्हते, असे म्हणताना थांबायला हवे. १९९६ नंतर औषध होते. तीन औषधे एकत्र घेतली की विषाणू दबतो आणि माणूस जगतो, हे सिद्ध झाले होते. अमेरिकेत आणि युरोपात मरणारे लोक उठून कामावर जाऊ लागले होते. पण या उपचाराचा वर्षाचा खर्च १० ते १५ हजार डॉलर होता, त्या वेळच्या दराने साडेचार ते सात लाख रुपये. १९९९ अखेर दक्षिण आफ्रिकेत सुमारे ४२ लाख लोक बाधित असल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. जुलै २००० मध्ये डर्बनला जागतिक एड्स परिषद भरली. अकरा वर्षांचा न्कोसी जॉन्सन हा जन्मतः बाधित मुलगा व्यासपीठावर उभा राहिला आणि आम्हीही सगळ्यांसारखीच माणसे आहोत, असे त्याने जगाला सांगितले. पुढच्या जूनमध्ये तो गेला.

मंडेलांच्या सरकारने १९९७ मध्ये स्वस्त औषधे आणण्याची वाट मोकळी करणारा कायदा केला होता. त्याविरुद्ध औषध कंपन्या न्यायालयात गेल्या. ३९ कंपन्या एका बाजूला आणि प्रतिवादींच्या यादीत खुद्द मंडेलांचे नाव.

इथे मुंबईची सिप्ला गोष्टीत येते. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये काढलेली ही कंपनी. १९३९ मध्ये गांधीजींनी तिला भेट दिली होती. पुढे ख्वाजा हमीद यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी ती वाढवली. ती वाढू शकली याचे एक मोठे कारण १९७० चा पेटंट कायदा. त्या कायद्यान्वये भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवायला आडकाठी नव्हती.

या कायद्याचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. एड्सवरच्या त्या काळातल्या तीन औषधांची पेटंटे तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती. स्टॅव्ह्युडीन एकीचे, लॅमिव्ह्युडीन दुसरीचे, नेव्हिरॅपीन तिसरीचे. तिघी एकमेकींच्या स्पर्धक, त्यामुळे तिन्ही औषधे एका गोळीत घालायला कुणी तयार नव्हते. रुग्णाने वेगवेगळ्या डब्यांतून वेगवेगळ्या वेळी गोळ्या घ्यायच्या. ज्या घरात घड्याळ नाही, स्वच्छ पाणी नाही, तिथे हे पाळणे कठीण, आणि एक औषध संपून दोनच चालू राहिली की विषाणू शिरजोर होतो. भारतात तीन पेटंटांची भिंतच नव्हती. सिप्लाने तिन्ही औषधे एका गोळीत घातली. सकाळी एक, संध्याकाळी एक. नाव ट्रायोम्यून.

सप्टेंबर २००० मध्ये ब्रुसेल्सला युरोपीय आयोगाच्या बैठकीत डॉ. हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला ८०० डॉलरमध्ये देण्याची, आफ्रिकी सरकारांना तंत्रज्ञान फुकट देण्याची आणि आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखणारे नेव्हिरॅपीन विनामूल्य पुरवण्याची तयारी जाहीर केली. सभागृहातून फारसा प्रतिसाद आला नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी किंमत आणखी उतरवली. सीमांविना डॉक्टर या संस्थेसाठी माणशी वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे १६ हजार रुपये. दिवसाला एक डॉलरही नाही. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर घेतली आणि मोठ्या कंपन्यांना आपल्या किमतींचा खुलासा करणे अवघड होऊन बसले.

मार्चमध्ये प्रिटोरियाच्या न्यायालयात सुनावणी सुरू झाली. ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन न्यायालयाची मित्र म्हणून खटल्यात उतरली आणि बाहेर हजारो लोक उभे राहिले. १९ एप्रिल २००१ रोजी ३९ कंपन्यांनी दावा मागे घेतला. पुढच्याच महिन्यात खायेलित्शात सीमांविना डॉक्टरांनी उपचार सुरू केले. नोव्हेंबरात जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा बैठकीत देशांना सार्वजनिक आरोग्यासाठी पेटंट बाजूला ठेवण्याचा अधिकार असल्याचे मान्य झाले. २००४ मध्ये कॅमेरूनच्या याउंडे शहरातला अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला आणि सिप्लाची ती गोळी महागड्या औषधांइतकीच काम करते हे सिद्ध झाले. स्वस्त औषध म्हणजे कच्चे औषध, हा आक्षेप तिथे संपला.

दक्षिण आफ्रिकेची दैना मात्र लगेच संपली नाही. अध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेतली. उपचार लांबले आणि त्या उशिराने तीन लाख तीस हजारांहून अधिक जीव गेले, असा हिशेब हार्वर्डच्या संशोधकांनी पुढे मांडला. सार्वजनिक दवाखान्यांत औषध मिळेपर्यंत आपणही घेणार नाही, असे झॅकी अख्मत यांनी ठरवले होते. मंडेलांनी घरी येऊन विनंती केली तरी ते बधले नाहीत. २००३ मध्ये सरकारने योजना मान्य केली, तेव्हाच त्यांनी गोळी घेतली.

आणि गोकुळनगर? मुंबईच्या कंपनीचे औषध आफ्रिकेत पोचले तरी सांगली-कोल्हापूरच्या गरीब रुग्णाला ते परवडत नव्हते. भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले ते १ एप्रिल २००४ रोजी, सहा राज्यांतल्या मोजक्या रुग्णालयांत. महाराष्ट्रात त्यांत मुंबईचे जे. जे. होते. बाकीच्या केंद्रांची वाट पाहत अनेकजणी गेल्या. सांगलीतल्या बायकांनी ज्यांना वर्षानुवर्षे दवाखान्यात नेले, त्यांतल्या कितीजणी दोन-तीन वर्षांच्या फरकाने हुकल्या, ही या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट आहे.

औषध आफ्रिकेला गेले, तसे आफ्रिकेतून भारताला पाठबळही आले. २००५ च्या सुरुवातीला भारत व्यापार करारानुसार पेटंट कायदा बदलण्याच्या तयारीत होता. बदल सरसकट झाला असता तर स्वस्त गोळ्यांचा झरा आटला असता. आफ्रिकेसह अनेक देशांतल्या एचआयव्हीबाधितांनी भारतीय कायद्यासाठी निदर्शने केली, कारण त्यांचा जीव दिल्लीच्या संसदेतल्या एका मसुद्यावर अवलंबून होता. अखेर जो कायदा झाला त्यात कलम ३(ड) आले. जुन्या औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट घेण्याला त्याने लगाम घातला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केले.

त्याच २००५ मध्ये सांगलीत आणखी एक निर्णय झाला. अमेरिकेचा एड्स निधी घेणाऱ्या संस्थांनी वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची लेखी ग्वाही द्यावी, अशी अट होती. ब्राझीलने याच अटीमुळे सुमारे चार कोटी डॉलर नाकारले. ‘संग्राम’नेही अमेरिकी पैसा परत केला. ब्राझील हा देश होता, त्याच्याकडे खजिना होता. सांगलीच्या संस्थेकडे तसे काही नव्हते. पण ज्या बायकांच्या हाती काम आहे त्यांच्याच विरोधात कागदावर सही करून त्यांच्यासाठी पैसा घ्यायचा, हे तिला मान्य झाले नाही. मदत आणि सोबत यांत फरक असतो, तो या निर्णयात स्पष्ट दिसतो.

पंधरा वर्षांनी कोविड आला. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका या दोनच देशांनी मिळून जागतिक व्यापार संघटनेपुढे प्रस्ताव ठेवला की साथ संपेपर्यंत लशी, औषधे, चाचण्या यांवरचे पेटंट स्थगित करावे. एड्सच्या लढ्यातून आलेली ही भाषा होती. श्रीमंत देशांनी ती वीस महिने अडवून धरली. जून २०२२ मध्ये निघालेला तोडगा फक्त लशींपुरता आणि अर्धामुर्धा होता. तोवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून आफ्रिकेला लशी जाऊ लागल्या होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये घानाला सहा लाख, मार्चच्या सुरुवातीला केनियाला दहा लाखांवर मात्रा. मग भारतात दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली आणि केनियातल्या लोकांच्या दुसऱ्या मात्रा रखडल्या.

त्या मे महिन्यात महाराष्ट्रात ऑक्सिजनची पळापळ चालू होती. कोल्हापूर जिल्हा इतका बेजार होता की जूनमध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले तेव्हा तो चौथ्या स्तरात गेला. मेच्या अखेरीस केनियाने मुंबईत १२ टन चहा, कॉफी आणि भुईमूग पाठवला. उच्चायुक्त विली बेट यांनी तो रेड क्रॉसकडे सोपवला, आघाडीवर काम करणाऱ्या महाराष्ट्रातल्या लोकांसाठी. समाजमाध्यमांवर काहींनी याची टिंगल केली. ती करणाऱ्यांना दोन गोष्टी ठाऊक नसाव्यात. केनियाच्या वाट्याच्या लशी आपल्याकडेच अडकल्या होत्या. आणि अमेरिकेवरच्या २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर २००२ मध्ये केनियातल्याच मसाई लोकांनी अमेरिकेला १४ गाई दिल्या होत्या. मसाईंच्या घरी गाईहून मोठे दान नाही. आपल्याजवळ जे आहे त्यातले चांगले द्यायचे, ही त्यांची रीत आहे.

कोल्हापूरच्या वाचकांना एक विनंती. एड्सच्या पहिल्या दशकात सांगली, मिरज, निपाणी, गडहिंग्लज या पट्ट्यात ज्या बायकांनी गल्लीगल्लीत काम केले, त्यांतल्या ज्या हयात आहेत त्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेने आपल्या चळवळीच्या आठवणी नोंदवल्या, चित्रपट काढले. शिवाजी विद्यापीठातल्या इतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या बायकांच्या तोंडून हा काळ त्यांच्या संमतीने, त्या सांगतील तसा नोंदवून घ्यावा. हे काम या एक-दोन वर्षांतच व्हायला हवे.